रात्री दिवे किती लागतात

चैत्र निम्मा सरला आहे. दोंडाईच्याच्या बसस्थानकावर सकाळी सातलाच ऊन झोंबतंय. मिरचीचा मोसम संपत आलाय, तरी मार्केट यार्डाकडून वारा आला की परगावचे प्रवासी खोकू लागतात. गावची माणसं बोलणं न थांबवता नाकाला रुमाल लावतात. मावशीच्या हातात कापडी पिशवी आहे आणि त्या पिशवीत आणखी एक रिकामी पिशवी. काका तिकिटाचे सुटे पैसे मुठीत धरून उभे आहेत. दोघांनाही एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे धुळ्याला जाणं-येणं सोपं झालंय. पण आज औषधांसाठी जायचं नाही, आज घर बघायचंय.

काका इथल्या एका आडतीवर आयुष्यभर दिवाणजी होते. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मागच्या पावसाळ्यात एका रात्री काकांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याची जीप मिळाली, पाऊस ओतत होता, आणि धुळं येईपर्यंत मावशी त्यांची नाडी धरून बसली होती. स्टेंट बसला, काका पुन्हा चालू-फिरू लागले, पण ती वाट मावशीच्या मनातून जात नाही. मुलगा सुरतेला, उधन्यात असतो. तो म्हणतो, इकडेच या, इथं खान्देशी माणसांना तोटा नाही. मुलगी पुण्याला बोलावते. मावशीला खान्देश सोडायचा नाही. मग दोनच नावं उरतात, धुळं आणि जळगाव.

आणि तेही भरवस्तीत. नात्यातले सगळे सांगतात, धुळ्यात देवपूरला फ्लॅट घ्या, जळगावात महाबळला घ्या, मोकळी हवा, गेटवर माणूस. घरात गाडी चालवणारं आता कुणी नाही, हे त्यांच्यापैकी कुणी लक्षात घेत नाही. मावशी एका वाक्यात मिटवते, "कॉलनीमा गेटलगून चालशी, मंग पुढे कोठे जाशी?"

मला सोबत घेतलंय, कारण माझं कॉलेज जळगावचं आणि सासर धुळ्याचं. दोन्ही गावांचं मीठ खाल्लेली, म्हणून माझं बोलणं कुणा एकाच्या बाजूचं धरलं जाणार नाही, असं काकांना वाटतं.

गाडी चिमठाण्याच्या बाजूला लागते. बुराई नदीत पाणी नावाला आहे. क्रांतिस्मारक दिसतं तशी मावशी खिडकीतूनच हात जोडते. 14 एप्रिल 1944 ला धुळ्याहून नंदुरबारला चाललेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी याच रस्त्यावर लुटला. काका म्हणतात, खजिना काय, दाखला काय, तारीख काय, या भागातलं सगळं धुळ्याहूनच यायचं आणि धुळ्यालाच जायचं. सोनगीरला तांब्या-पितळेच्या दुकानांपुढून गाडी हायवेला लागते आणि धुळं जवळ येतं.

गल्ली नंबर चारमध्ये शिरताना मावशी चप्पल पायांत घट्ट करते. रिक्षा तिने मुद्दाम पाच कंदिलाला सोडायला लावली आहे. तिथल्या बाजारातून बटाटे, कांदे, एक कलिंगड घेऊन रिकामी पिशवी भरली, आणि आता ती भरली पिशवी घेऊन ती त्या घरापर्यंत चालून बघणार आहे. मी हात पुढे करते, ती देत नाही. "तू रोज थोडीच येनार शेस," म्हणते. दोनदा सावलीला थांबते. सावली मिळते, हे मला महत्त्वाचं वाटतं. घरं एकमेकांना चिकटून, दुमजली, समोरासमोर. सकाळी एका बाजूला सावली, दुपारनंतर दुसऱ्या बाजूला.

या गल्ल्या आपोआप झालेल्या नाहीत. 1818 साली खान्देश इंग्रजांच्या हाती गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने मुख्य ठाणं म्हणून धुळ्याची निवड केली. तेव्हाचं धुळं म्हणजे पांझरा नदी आणि पाटाचं पाणी यांच्यामध्ये दाटलेलं, बागायतीने वेढलेलं लहानसं गाव. 1819 च्या मोजणीत माणसं 2509 आणि घरं 401. ब्रिग्जने शेजारीच नवी पेठ आखली, रस्ते सरळ आणि एकमेकांना समांतर ठेवले, व्यापाऱ्यांना बोलावून घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा दिली, वर बांधायला उचलही दिली. म्हणजे गावाच्या मध्यभागी नुसती दुकानं येऊन भागणार नाही, तिथं माणूस राहिला पाहिजे, हे त्या आखणीतच होतं. 2020 साली पॅरिसच्या महापौर आन इदाल्गो यांनी पंधरा मिनिटांच्या शहराची घोषणा केली, शाळा, दवाखाना, बाजार घरापासून पायी गाठता यावेत अशी, तेव्हा जगभर तिची चर्चा झाली. गल्ली नंबर चारमधून मला डॉक्टर, औषधांचं दुकान, पिठाची गिरणी, टपाल कचेरी, देऊळ, वाचनालय हे सगळं पायी गाठता येतं. ते टिकवायचं सोडून आपण कॉलन्यांच्या जाहिराती वाचत बसलो आहोत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घर तळमजल्याचं आहे. पुढे ओटा, मग ओसरी, मग एकामागे एक दोन खोल्या, शेवटी मोरी आणि जमिनीतला हौद. छताला सागवानी तुळया. उजेड मधल्या खोलीत कमी आहे आणि भिंतीला एका कोपऱ्यात ओल आहे. घरमालकीणबाई वर राहतात, मुलं देवपूरला गेली, त्या गेल्या नाहीत. काका भिंतीवर हात फिरवून बघतात, विजेचे बटण दाबून बघतात, मीटर कुणाच्या नावावर ते विचारतात. मावशी तोवर ओट्यावर बसून घेते. बसून गुडघे सरळ करून बघते, पुन्हा उठून बघते. पायरी जरा उंच आहे.

शेजारच्या ओट्यावर एक आजी तांदूळ निवडतायत. मावशी त्यांच्याकडे वळते.

"पानी कितला दिनमा येस, माय?"

"कधी पाच, कधी आठ. उन्हायामा ते इचारूच नको."

काकांचा चेहरा पडतो. धुळ्याच्या पाण्याची ही रड सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, पण दारात उभं राहून ऐकलं की अंगावर येते. पांझरा गावातून वाहते, अक्कलपाड्याला तिच्यावर धरण आहे, तापीवरून वेगळी योजना आहे, नकाण्याचा तलाव आहे, आणि तरी बायका नळाच्या दिवसावर पाहुण्यांचं येणं-जाणं ठरवतात. पांझरेचं पाणी तर फड पद्धतीने वाटून घेत पिढ्यान् पिढ्या शेती चालली. सगळ्या गावाने मिळून बंधारा सांभाळायचा आणि पाळीने पाणी घ्यायचं. 1884 साली नोकरीत लागलेल्या विश्वेश्वरय्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक याच भागातलं, पांझरेच्या परिसरात सायफन टाकून पाणी पलीकडे नेण्याचं. ज्या नदीकाठी पाणी वाटण्याची एवढी जुनी अक्कल आहे, तिथं म्हातारीने आठ दिवसांचं पाणी साठवावं, हे मला मान्य करता येत नाही.

आजी मात्र हौदाकडे बोट दाखवतात. तळमजला आहे, पाणी आपोआप भरतं, वरच्या मजल्यावाल्यांचे हाल आहेत. हौद तेवढा साफ करून घ्या.

मावशीचा खरा प्रश्न वेगळाच आहे. "रातले ह्या गल्लीमा कितला घरमा दिवा लागस?"

आजी हसतात आणि सांगतात, "थांब ना मंग, बघी ले."

म्हणून आम्ही थांबतो. दुपार माझ्या सासरी काढतो. उन्हं उतरल्यावर मावशीला राजवाडे संशोधन मंडळ बाहेरून बघायचंय. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. मावशी वर्गात राजवाडे शिकवताना ज्या वास्तूबद्दल बोलायची, तिच्यापर्यंत आता ती रोज संध्याकाळी चालत येऊ शकते. ती काही बोलत नाही, पण फाटकावरच्या वेळा मात्र नीट वाचून घेते. काका आठवण काढतात ती धुळ्याच्या तुरुंगाची. 1932 साली तिथं विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. त्यांच्या वडिलांच्या तोंडी ती गोष्ट सारखी असायची.

साडेआठला आम्ही पुन्हा गल्लीत येतो. आग्रा रोडवर दुकानं अजून झगमगतायत, इथं मात्र अंधार-उजेड मिसळलेला. मावशी पुढे चालते आणि खिडक्या बघते. कुलूप. कुलूप. गोदाम, वर पत्र्याचे खोके रचलेले. मग एका घरात टीव्हीचा निळा उजेड, पुढच्या घरात कुकरची शिट्टी, एका ओट्यावर चार मुली फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या. पुन्हा कुलूप. निम्म्याहून थोड्या जास्त घरांत माणसं आहेत. वरच्या मजल्यांवर कमी. दोन ओटे मोटारसायकलींनी अडवलेत. आजींच्या घरात दिवा आहे आणि त्या दारातच आहेत.

"निम्मं गाव गेलं," काका म्हणतात.

"निम्मं शे ना," मावशी म्हणते.

जळगावला आम्ही दोंडाईच्याहून रेल्वेने जातो. दोंडाईच्याची ही गंमत बाहेरच्या माणसाला कळत नाही. जिल्हा धुळे, पण दोंडाईच्याहून धुळ्याला रेल्वेने सरळ जाता येत नाही. धुळ्याचा फाटा चाळीसगावहून येतो आणि धुळ्यातच संपतो. आपली सुरत-भुसावळ लाईन धुळ्याला बाजूला टाकून थेट जळगाव गाठते. बोरविहीर-नरडाणा मार्ग पुरा झाला की हा तिढा सुटेल. त्याची वाट काका वर्तमानपत्रातून बघत असतात. तोवर सुरतेच्या मुलाला आई-बाप जळगावला असले तर गाडीत बसून थेट येता येईल. ते धुळ्याला असले तर नरडाण्याला उतरून पुन्हा एसटी. काका हे सगळं मला डब्यात बसून समजावतात आणि मावशी ऐकत नसल्यासारखी शेंगा सोलते.

शिंदखेडा, नरडाणा, बेटावद. अमळनेरला गर्दी चढते. धरणगाव, पाळधी गेलं की गिरणेचा पूल, आणि मग केळीच्या गाड्यांचा, दाल मिलचा, सोन्याचा तो मोठा पसारा सुरू होतो. जळगाव जिल्ह्याचं ठाणं झालं 1906 मध्ये, खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले तेव्हा. त्याला मोठं केलं रेल्वेच्या फाट्याने, कापसाने आणि व्यापाराने. स्टेशनातून बाहेर पडलं की गाव लगेच अंगावर येतं. जिथं खान्देश मिलचा भोंगा वाजायचा तिथं आता खान्देश सेंट्रल आहे. नेहरू चौक, पालिकेची सतरा मजली, गोलाणी मार्केट, टॉवर चौक. कॉलेजात असताना मी इथं रात्री नऊला एकटी फिरले आहे, मला या गावाची भीती कधी वाटली नाही.

काका इथं वेगळेच माणूस होतात. दाणाबाजारातून जाताना एका गादीवरून हाक येते, "दोंडाईच्याचे दिवाणजी ना?" चहा येतो. तुरीचा भाव, मिरचीचा भाव, कोण गेलं, कुणाची मुलं आता बसतात. काकांच्या पाठीचा बाक सरळ होतो. पुढे सराफ बाजारातून, 1854 पासून चालत आलेल्या पेढीवरून जाताना ते मला सांगतात की मावशीच्या पाटल्या इथल्या. मावशी म्हणते, "त्या मोडेल शेतस पोरना शिक्षनसाठे." दोघं हसतात.

घर बळीराम पेठेत आहे. खाली कापडाचं दुकान, वर क्लासेस, दुसऱ्या मजल्यावर हे दोन खोल्या-स्वयंपाकघराचं बिऱ्हाड. पाणी दोन दिवसांआड, वाघूर धरणाचं, टाकीत चढतं. मोठमोठे दवाखाने जिल्हापेठेत, रिक्षाने काही मिनिटं. स्टेशन पायी. भाजीवाले तर दारातच, इतके की जिन्यापर्यंत पोचायला टोपल्या ओलांडाव्या लागतात. खोल्यांत उजेड धुळ्यापेक्षा पुष्कळ. मावशी जिना चढताना मध्ये एकदा कठड्याला धरून थांबते. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. काका जिन्याच्या पायऱ्या चढून वर आले की छातीवर हात ठेवतात, सवयीने. ते मावशीने बघितलेलं मी बघते.

मला घर आवडलं नाही असं नाही. खिडकीतून पेठ दिसते आणि ती जिवंत आहे. एखादी तरुण मुलगी इथं राहिली तर सुखाने राहील. पण खिडकीत बसून दिसणाऱ्या माणसांशी बोलता येत नाही, ती खाली असतात.

मग मी त्यांना जुन्या जळगावात नेते. श्रीराम मंदिराच्या बाजूला, जिथून 1872 पासून कार्तिकी एकादशीला रथ निघतो. मोठाल्या लाकडी चाकांखाली मोगरी लावून लावून तो वळवत, थांबवत नेतात, आणि तो दिवसभर पेठांमधून फिरतो. बहिणाबाईंचा चौधरी वाडा इथंच. या आळीत संध्याकाळी सहाला प्रत्येक दारात कुणी ना कुणी आहे. सांडग्यांच्या ताटल्या आत घेणं चाललंय, एक आजोबा नातवाला सायकल शिकवतायत, दोन घरांमध्ये डाळीच्या वाटीची देवाणघेवाण होते. मावशीचे पाय आपोआप मंदावतात. "इथं बघा ना घर," ती मला म्हणते. मी तीन दारांत विचारते. भाड्याने द्यायला रिकामं घर नाही. ज्यांची आहेत ते त्यांच्यातच राहतात. जळगावातली खरी राहती भरवस्ती ही, आणि ती भरलेली आहे. याहून चांगलं त्या आळीबद्दल काय सांगणार?

रात्रीपर्यंत थांबायचं ठरलेलंच आहे. बळीराम पेठेत साडेनऊला शटरं पडायला लागतात. घडाघडा, एकामागून एक, आणि पाहता पाहता रस्ता मोकळा होतो. भाजीवाले टोपल्या आवळतात. क्लासची मुलं पांगतात. मावशी वर बघते. ज्या इमारतीत घर आहे तिथं वर तीन खिडक्या उजळलेल्या, शेजारच्या इमारतीत एक. बाकी दवाखान्यांच्या पाट्या, वकिलांच्या पाट्या, बँकेच्या एटीएमचा दिवा. काका म्हणतात, सकाळी पुन्हा भरेल. मावशी म्हणते, भरेल ना, पण रात्री अडीचला तुम्हाला कळ आली तर मी कुणाचं दार वाजवू?

त्यावर काकांना उत्तर सापडत नाही. मलाही नाही.

दोंडाईच्याला परतल्यावर दोन दिवस कुणी विषय काढत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दारात खाटा टाकून बसलोय. समोर कुणीतरी मिरची पोत्यांत भरतंय, फावड्याचा आवाज येतोय. काका वहीत दोन बाजूंना खर्च मांडून बसलेत. चाळीस वर्षांची सवय. रेल्वे, पाणी, दवाखाना, ओळखी. जळगावची बाजू जड आहे आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात. रेल्वेचं ते खरंच बोलतात. पाण्याचं तर त्याहून खरं. मीही त्यांना दुजोरा देते, कारण आठव्या दिवशी नळ येणार असेल तर सत्तरीच्या दोघांनी त्याच्यामागे जागावं हे मला पटत नाही, आणि अजूनही त्याची धास्ती आहे.

मावशी ऐकून घेते. मग म्हणते, पाणी हौदात साठवता येईल, माणसं साठवता येत नाहीत. तळमजला पाहिजे, ओटा पाहिजे, शेजारी रात्री दार उघडणारं पाहिजे. ती तिन्ही आपल्याला जळगावात एका जागी मिळाली असती तर जळगावला गेलो असतो. "ओटा नही ते घर नही." जुन्या जळगावात कधी घर रिकामं झालं तर मला फोन करायचा, असंही माझ्याकडून कबूल करून घेते. दोंडाईच्याचं घर विकायचं नाही, वर्षभर कुलूप लावून ठेवायचं, यावर दोघांचं आधीच एकमत आहे.

काका वही मिटतात आणि फोन लावतात. धुळ्याच्या घरमालकीणबाईंना ते अनामत आणि भाडं पुन्हा एकदा विचारतात, थोडं कमी करून घेतात. कोपऱ्यातली ओल निघाली पाहिजे. पायरीला लोखंडी कठडा लावून पाहिजे, खर्च निम्मा-निम्मा. हौद आमच्यासमोर साफ झाला पाहिजे. पलीकडून होकार येत असावा, कारण काका एकेक बोट मिटत जातात.

"कधी येता?" असं त्या विचारतात.

"आखाजीच्या आधी," मावशी मध्येच मोठ्याने सांगते. पुण्याची पोर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार आहे, तिला नव्या घरात यायचं म्हटलं तर सामान लागलेलं हवं. मग काकांच्या हातून फोन घेते आणि विचारते, ओसरीच्या तुळईला झोक्याची कडी आहे का?

आहे म्हणतात. दोन आहेत. दोर तेवढा आणा.